ब्रिस्टलच्या ‘लिटल रेड बुक’चे साल १३४४ असे म्हणताना नेमके कशाचे साल सांगितले जाते?

मोडीवाचक (प्रश्न)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर करतो. त्याच ओढीने सध्या इंग्लंडमधील मध्ययुगीन नगरांच्या नोंदवह्यांविषयी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे. ब्रिस्टल नगराचे ‘लिटल रेड बुक’ मी लेखाच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. विल्यम डी कोलफर्ड या रेकॉर्डरने, म्हणजे नगराच्या कायदेविषयक अधिकाऱ्याने, ते १३४४ मध्ये सिद्ध केले, असे सर्वत्र वाचावयास मिळते. परंतु आतील मजकूर पाहू लागलो तेव्हा या सालाचा अर्थच मला लागेनासा झाला. त्यात व्यापारी कायद्यावरचा ‘लेक्स मर्कातोरिया’ हा निबंध आहे, जो अभ्यासक १२८० च्या सुमाराचा मानतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ओलेरों बेटाच्या नावाने प्रसिद्ध असलेले सागरी कायदेही आहेत, आणि ते त्याहून जुने आहेत. त्याच पुस्तकात विणकरांनी आपल्या बायका, मुली व मोलकरणी यांना मागावर बसवू नये असा १४६१ चा प्रसिद्ध हुकूमही नोंदलेला आहे. सर्वांत जुना मजकूर आणि हा हुकूम यांत पावणेदोनशे वर्षांहून अधिक अंतर असताना १३४४ हे साल आपण कशाला जोडावे?

दुसरी अडचण तारखांची आहे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या १८ व्या राज्यवर्षातील, म्हणजे त्याच्या राज्यारोहणापासून मोजलेल्या वर्षातील, १० जानेवारी आणि १० फेब्रुवारी या तारखा मला आजच्या कोणत्या सालात बसवाव्या लागतील? अशा वह्या प्रत्यक्षात बनत कशा, म्हणजे कोरी वही बांधून घेऊन ती भरत जात की सुटे कागद लिहून मागाहून शिवत, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

दिनदर्शक

तारखांपासून आरंभ करतो, कारण तेथे उत्तर निश्चित देता येते.

तिसऱ्या एडवर्डची राज्यवर्षे २५ जानेवारी १३२७ पासून मोजतात, म्हणून त्याचे १८ वे वर्ष २५ जानेवारी १३४४ ला सुरू होऊन २४ जानेवारी १३४५ ला संपते. आपण विचारलेली १० फेब्रुवारी या वर्षाच्या आरंभी येते आणि १० जानेवारी शेवटी. त्यामुळे फेब्रुवारीतील नोंद आजच्या हिशोबाने १३४४ ची आणि जानेवारीतील नोंद १३४५ ची ठरते. वहीत फेब्रुवारीची नोंद आधी व जानेवारीची नंतर आलेली पाहून पाने उलटसुलट शिवली गेली आहेत, असा समज नव्या वाचकाचा होतो. वास्तविक पाने योग्य क्रमातच असतात.

आता यात इसवी सनाची गुंतागुंत मिसळते. त्या काळी इंग्लंडमध्ये सनाचा आकडा १ जानेवारीला बदलत नसे, तो २५ मार्चला, म्हणजे देवदूताने मेरीला वार्ता दिल्याच्या सणाला बदले, आणि ही रीत तेथे १७५२ पर्यंत चालली. स्कॉटलंडने १ जानेवारी १६०० पासूनच आपला आरंभ बदलला होता. त्यामुळे नगराच्या चिटणिसाने वरील फेब्रुवारीच्या नोंदीखाली सन घातला असता तर तो १३४३ घातला असता, आणि जानेवारीच्या नोंदीखाली १३४४. त्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर होते. तिसरे वर्ष महापौराचे. ब्रिस्टलचा नवा महापौर २९ सप्टेंबरला, संत मायकलच्या सणाच्या दिवशी, शपथ घेई, म्हणून ‘अमुक महापौराच्या कारकिर्दीत’ एवढेच लिहिलेले असल्यास ती कारकीर्द दोन सनांत विभागलेली धरावी लागते. एकाच नोंदीत ही तिन्ही वर्षे आली तर तारीख पक्की होते, आणि त्यांचा मेळ बसला नाही तर नक्कल करणाऱ्याचा हात कोठे चुकला हेही दिसून येते.

एक ताळा विशेष उपयोगी आहे. १३४० च्या जानेवारीत एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि तेव्हापासून त्याच्या कागदांत ‘इंग्लंडच्या राज्याचे १८ वे, फ्रान्सच्या राज्याचे ५ वे’ असे दुहेरी वर्ष येऊ लागले. दोन आकड्यांत नेहमी १३ चा फरक असला पाहिजे. रोमन अंकांतील एखादी काडी नक्कलकाराकडून गळली असेल तर हा फरक मोडतो आणि चूक लगेच पकडता येते.

आपण मोडीचे वाचक असल्याने यातील बहुतेक गोष्टी आपल्या सवयीच्याच आहेत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११७१. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, आणि इसवी सन काढायला त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात, आणि राज्याभिषेक शक तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पालटतो. जो हिशोब आपण पेशवेकालीन पत्रावर करता, तोच येथे वर्षारंभ बदलून करायचा आहे.

जुजबंदी

वही कशी बनत असे या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देतो, कारण ‘१३४४ हे साल कोणाचे’ याचा उलगडाही त्यातूनच होतो.

या वह्यांचे मूळ घटक म्हणजे जुज. चर्मपत्राचे किंवा कागदाचे काही ताव मधोमध दुमडून एकात एक घातले की एक जुज होई. चर्मपत्राच्या जुजात केसांची बाजू केसांच्या बाजूसमोर आणि मांसाची बाजू मांसाच्या बाजूसमोर येईल अशी मांडणी करीत, म्हणजे उघडलेल्या दोन्ही पानांचा रंग सारखा दिसे. मग कडेला टोचण्याने बारीक छिद्रे पाडून त्यांच्या आधाराने ओळी आखल्या जात, समास सोडला जाई, आणि लेखन सुरू होई. काही वह्या आधी बांधून मग भरल्या गेल्या, परंतु अनेक वह्यांची जुजे दीर्घकाळ सुटीच राहिली आणि एका पिढीने किंवा एका शतकाने ती एकत्र शिवली. हे ओळखण्याच्या खुणा अगदी साध्या आहेत. एखाद्या जुजाचे पहिले व शेवटचे पान आतील पानांहून मळकट व घासलेले असेल, तर ते जुज बराच काळ उघडे पडून राहिले होते. अक्षरे शिवणीच्या आत शिरलेली असतील, तर ती शिवणीपूर्वी लिहिलेली आहेत. वाळवीचे भोक एका जुजातून दुसऱ्या जुजात सरळ गेले असेल, तर भोक पडले त्या वेळी ती दोन जुजे आजच्याच क्रमाने शेजारी होती. ते भोक मध्येच तुटून तीन जुजे सोडून पुढे सापडले, तर क्रम मागाहून बदललेला आहे. हे पुरावे कोणत्याही लिखित तारखेइतकेच बोलके असतात, मात्र छापील आवृत्तीत ते येत नाहीत, आणि म्हणूनच केवळ छापील आवृत्तीवर विसंबून वहीच्या सालाविषयी ठाम विधान करणे मला योग्य वाटत नाही.

जर्मनीतील कोलोनमध्ये सुट्या पानांपासून पुस्तकापर्यंतचा हा प्रवास फार स्पष्ट दिसतो. तेथील घरे व जमिनी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चर्मपत्राच्या मोठ्या सुट्या तावांवर होत आणि ते ताव पेटीत ठेवले जात. पेटीला जर्मन भाषेत ‘श्राइन’ म्हणतात, म्हणून त्या तावांना तेच नाव मिळाले. पुढे तेराव्या शतकात तावांची जागा पुस्तकांनी घेतली. इंग्लंडमधील नगरांत तावांऐवजी गुंडाळ्यांची रीत होती. न्यायालयाचे काम गुंडाळीवर चाले आणि त्यातील जे कायम हाताशी हवे, म्हणजे सनदा, शपथा, धंद्यांचे नियम, ते निवडून पुस्तकात उतरवले जाई. आपल्याकडील रोजकीर्द आणि खतावणी यांत जे नाते आहे, तेच साधारणपणे येथे गुंडाळी आणि पुस्तक यांत होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. १३४४ हे साल संकलनाला हात घातल्याचे आहे. कोलफर्डने त्या वर्षी नगराला लागणारे जुने मजकूर एकत्र आणून पुढच्या नोंदींना जागा ठेवली. ‘लेक्स मर्कातोरिया’ आणि ओलेरोंचे कायदे हे त्याने जुन्या प्रतींवरून घेतले, कारण बोर्दोहून दारू आणणाऱ्या बंदराला त्या दोन्हींची रोज गरज होती. मजकूर तेराव्या शतकातील किंवा त्याहून जुना, पण या पुस्तकातील त्याची प्रत चौदाव्या शतकातील, हा भेद सोडता कामा नये. १४६१ चा हुकूम मात्र कोलफर्डच्या मागे कित्येक चिटणिसांनी वही चालू ठेवल्यामुळे तेथे आला. जिथे कोरे पान मिळाले तिथे लिहायचे, ही नगराच्या चिटणिसांची सर्वत्र आढळणारी सवय होती, म्हणून जुन्या जुजात नवी नोंद सापडणे यात आश्चर्य काहीच नाही.

तारीख नसलेल्या नोंदीसाठी मजकुरातील पदनामे पाहावीत. १३७३ च्या सनदेने ब्रिस्टलला स्वतंत्र परगण्याचा दर्जा मिळाला आणि नगराला स्वतःचा शेरीफ आला. ज्या नोंदीत ब्रिस्टलच्या शेरीफचा उल्लेख आहे, ती तिच्या आजूबाजूच्या नोंदी कितीही जुन्या असल्या तरी १३७३ च्या आधीची असू शकत नाही. हाताचे वळणही साक्ष देते. इंग्लंडच्या कचेऱ्यांत ‘अँग्लिकाना’ हे वळण रुळलेले होते. ‘सेक्रेटरी’ म्हणून ओळखले जाणारे वळण तेथे चौदाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात शिरले. एखाद्या पानावर त्या वळणाची अक्षरे दिसू लागली की ते पान कोलफर्डच्या काळाचे नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येते. वृद्ध चिटणीस आपले तारुण्यातील वळण शेवटपर्यंत सोडत नाही, म्हणून उलट दिशेचे अनुमान, म्हणजे जुने वळण आहे म्हणून पान जुने, मी कधीच करीत नाही.

चर्मपत्र

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी कागदाविषयी थोडी भर घालतो.

इंग्लंडमध्ये पहिली कागद गिरणी जॉन टेट याने हर्टफर्डजवळ १४९० च्या दशकात काढली. त्याआधीचा सर्व कागद समुद्रमार्गे आलेला आहे, म्हणूनच बहुधा त्याचे सर्वांत जुने नमुने बंदरांच्या नोंदवह्यांत सापडतात. किंग्ज लिनच्या ‘रेड रजिस्टर’मधील नोंदी १३०७ पासूनच्या आहेत आणि लाइम रेजिसच्या न्यायालयाची कागदी वही १३०९ ची आहे. कागद असला म्हणजे जलचिन्ह पाहता येते. कागदाच्या साच्यावर तारेची एखादी आकृती, बैलाचे डोके, घंटा, मुकुट, शिवून बसवीत आणि तिचा ठसा तावात उमटे. ही युक्ती इटलीत, फाब्रियानोच्या परिसरात, १२८० च्या दशकात निघाली. रोजच्या वापराने तार वाकते, सरकते, शिवण तुटून पुन्हा बसवली जाते, त्यामुळे एकाच साच्याच्या आकृतीतील बारीक फरकांवरून ताव कधीच्या सुमारास निघाला हे दिनांकित नमुन्यांशी ताडून सांगता येते. शार्ल-म्वाझ ब्रिके याने १९०७ मध्ये सोळा हजारांहून अधिक जलचिन्हे उतरवून प्रसिद्ध केली आणि गेर्हार्ड पिकार्डचा त्याहून कितीतरी मोठा संग्रह श्टुटगार्टच्या अभिलेखागारात आहे, जो आता घरबसल्या पाहता येतो.

तथापि जलचिन्हाने कळते ते कागदाचे वय. ब्रिकेने नेहमीच्या आकाराच्या कागदासाठी निर्मिती आणि वापर यांत पंधरा वर्षांपर्यंतचे अंतर धरले होते. नंतरचे अभ्यासक ते तीन-चार वर्षांवर आणतात. पण नोंदवहीचे शेवटचे जुज पन्नास वर्षे कोरे पडून राहू शकते, आणि अशा जुजावरील नोंदीला कागदाचे वय लावणे ही मोठीच चूक ठरेल. म्हणून जलचिन्हाचा उपयोग ‘याच्या आधीचे नाही’ एवढे सांगण्यापुरताच खात्रीने करावा.

शाईविषयीही एक गोष्ट आपणास आवडेल. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ ओकच्या जातीच्या झाडावरील गाठच असते. तशाच गाठी, हिराकस आणि डिंक यांपासून युरोपातील चिटणीस शाई करीत. ती लिहिताना फिकी असते, हवेने काळी होते आणि चर्मपत्रात मुरते. मोडी कागदांवरील काजळीची शाई वरच बसते व ओल्या बोटाने पुसली जाऊ शकते. हिराकसाच्या शाईचे अक्षर खोडायचे तर चाकूने खरवडावे लागे. त्यामुळे कोणी जुन्या नोंदीतील साल बदलले असेल, तर त्या जागी चर्मपत्राचा पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो आणि तिरक्या उजेडात तो दिसतो.

मोडीवाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या लेखातील ‘१३४४ चे पुस्तक’ हा शब्दप्रयोग मी काढून टाकतो. एक शंका उरते. मूळ प्रत नष्ट झाली आहे आणि आपल्या हाती केवळ नंतरची नक्कल आहे, अशा वेळी मजकुराने स्वतःविषयी सांगितलेल्या तारखेवर किती विश्वास ठेवावा? पेशवे दप्तराच्या रुमालांत ‘असलबरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब नक्कल, असा शेरा असला की मला थोडा आधार वाटतो. येथे तसे काही असते का?

दिनदर्शक

या शंकेसाठी इंग्लंडमधील इप्सविच या नगरापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

जॉन राजाने इप्सविचला २५ मे रोजी, आपल्या दुसऱ्या राज्यवर्षात सनद दिली. जॉनची वर्षे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून मोजतात, कारण त्याचा राज्याभिषेक ११९९ मध्ये त्या सणाच्या दिवशी झाला होता, आणि तो सण ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतो. दुसरे वर्ष १८ मे १२०० ते २ मे १२०१ असे आहे, म्हणून ही २५ मे निःसंशय १२०० मधील. सर्वच वर्षे इतकी सरळ नाहीत. त्याचे तिसरे वर्ष ३ मे १२०१ ला सुरू होऊन २२ मे १२०२ ला संपते, म्हणजे त्यात ३ ते २२ मे या तारखा दोनदा येतात, आणि वार दिलेला नसेल तर त्यांतील कोणती धरावी याचा निर्णय कागदावरून करता येत नाही.

सनद मिळाल्यावर नगरवासी सेंट मेरी चर्चच्या आवारात जमले आणि त्यांनी आपले बेलिफ (नगराचे कारभारी) व कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) निवडले. पुढे नगराचे कायदे व रूढी एका गुंडाळीत लिहून ठेवाव्यात आणि तिला ‘डोम्सडे’ म्हणावे असेही ठरले. या सभांचे वर्णन आपल्याला उपलब्ध आहे, पण ती मूळ गुंडाळी नाही. १२७२ मध्ये नगराचा चिटणीस जॉन ले ब्लेक हा गुंडाळ्या घेऊन पळून गेला आणि त्यांत ‘डोम्सडे’ही गेली. १२८५ मध्ये पहिल्या एडवर्डने नगराचे अधिकार काढून घेतले. १२९१ मध्ये ते परत मिळाले, तेव्हा नगराने आपल्या रूढी पुन्हा लिहून काढल्या. १२०० मधील सभांचा वृत्तान्त जो आज आपण वाचतो, तो चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या नकलांतून आलेला आहे.

अशा वेळी मी पहिली परीक्षा वाराची करतो. त्या वृत्तान्तात पहिली सभा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्मसणानंतरच्या गुरुवारी झाली असे म्हटले आहे. तो सण २४ जूनला येतो. १२०० मध्ये त्या दिवशी शनिवार होता, म्हणून गुरुवार २९ जूनला पडतो, आणि सनदेनंतर पाच आठवड्यांनी सभा व्हावी हे स्वाभाविक आहे. घटनांची साखळी कोठेही तुटत नाही. यावरून नक्कलकारासमोर जुना लेख होता असे मानायला मला पुरेसा आधार वाटतो, तरी शब्दन् शब्द १२०० चाच आहे असे मी म्हणणार नाही, कारण हरवलेले अधिकार सिद्ध करू पाहणाऱ्या नगराला आपली परंपरा नेटकी करून सांगण्याचे कारणही होते.

असलबरहुकूम शेऱ्यासारखे काही असते का, असे आपण विचारलेत. सर्वत्र नसते, पण काही संकलक स्वतःच बोलतात. लंडनचा चिटणीस जॉन कार्पेंटर याने नोव्हेंबर १४१९ मध्ये, रिचर्ड व्हिटिंग्टन महापौर असताना, ‘लिबर आल्बुस’ (‘पांढरे पुस्तक’) हा लंडनच्या कायद्यांचा व रूढींचा संग्रह सिद्ध केला आणि प्रस्तावनेत कारणही दिले. नगराचा कारभार जाणणारी वृद्ध मंडळी साथीच्या रोगांत एकाच वेळी जाऊ शकतात आणि मागे राहणाऱ्या तरुणांना लेखी आधारावाचून पेच पडतो, असे तो म्हणतो. अशा ठिकाणी संकलनाचे साल, महापौर आणि हेतू एकाच लेखणीतून मिळतात.

जुजबंदी

लेखात साल कसे द्यावे, याविषयी एक सूचना करून थांबतो. प्रत्येक उताऱ्यापुढे मजकुराचे साल आणि हातातील प्रतीचे साल ही दोन्ही वेगवेगळी लिहावीत. उदाहरणार्थ, ‘लेक्स मर्कातोरिया, रचना सुमारे १२८०, ब्रिस्टलची प्रत चौदावे शतक’. नोंद दिनांकित असेल तर चिटणिसाने लिहिले तसे राज्यवर्ष आधी द्यावे आणि आजचा सन त्यानंतर कंसात घालावा. आपण विचारलेली जानेवारीची नोंद मग ‘१० जानेवारी, एडवर्ड तिसरा, वर्ष १८ (१३४५)’ अशी येईल, आणि कोणाला आपला हिशोब तपासायचा झाल्यास तो तेथल्या तेथे तपासता येईल. बांधणीचे साल मात्र स्वतंत्र टिपेत द्यावे. साउदॅम्प्टनच्या ‘ओक बुक’ला त्याच्या लाकडी फळ्यांवरून आणि ब्रिस्टलच्या पुस्तकाला तांबड्या वेष्टनावरून नाव मिळाले, पण वेष्टन हा वहीचा सर्वांत लवकर झिजणारा आणि सर्वांत सहज बदलला जाणारा भाग असतो. पुन्हा बांधताना कडा छाटल्या जाऊन समासातील शेरे अर्धे तुटलेले मी अनेक छायाचित्रांत पाहिले आहेत. आपल्याला ब्रिस्टलच्या पुस्तकाची छायाचित्रे मिळाली, तर प्रथम समासाची बाहेरची कड नीट पाहावी.